उपपत्ती विचारणारा मास्तर : कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित

वसईच्या उत्तरेस दोन-तीन कोसांवर निर्मळ नावाचे गाव आहे. विमलेश्वराचे देवालय, विस्तीर्ण तळे आणि शंकराचार्यांची समाधी ह्यांमुळे ह्या स्थानाची कीर्ती फार जुनी असून दरवर्षी कार्तिक वद्य एकादशीस तेथे मोठी यात्रा भरते. त्याच परिसरात ख्रिस्ती समाजाचीही पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे. त्यांचा नाताळ २५ डिसेंबरास येतो. तो कधी मागेपुढे सरत नाही. निर्मळची यात्रा मात्र इंग्रजी तारखेने पाहू गेल्यास एका वर्षी नोव्हेंबरच्या मध्यास, तर दुसऱ्या वर्षी त्याच महिन्याच्या अखेरीस किंवा त्याही पुढे सापडते. एकाच गावात कालगणनेच्या दोन रीती शेजारधर्माने नांदत आल्या आहेत, आणि दोहोंपैकी कोणाच्याही मनात आपल्या रीतीविषयी संशय येत नाही. यात्रेची तिथी पंचांग सांगते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण पंचांगास ती कोण सांगतो, आणि तो सांगतो ते खरे कशावरून, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न ज्यांनी जन्मभर विचारला, आणि विचारावयास शिकविला, त्या एका शाळामास्तरांचे चरित्र प्रस्तुत लेखात वाचकांपुढे ठेवावयाचे आहे. कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे नाव ज्योतिषाच्या इतिहासात मोठे आहे; परंतु ते इतिहासकार होण्यापूर्वी शिक्षक होते आणि अखेरपर्यंत शिक्षकच राहिले, ह्या गोष्टीकडे जावे तितके लक्ष गेलेले नाही. त्यांचे संशोधन हा शाळा सुटल्यावरचा छंद होता असे मानण्याचा प्रघात आहे. आमचे मत निराळे आहे. त्यांची शिकविण्याची दृष्टी आणि शोधण्याची दृष्टी ह्या दोन नव्हत्याच. एकाच दृष्टीची ती दोन कामे होत.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील, दापोलीजवळच्या मुरूड गावी झाला. प्राथमिक शिक्षण गावीच आटोपून १८७० साली ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले, तेथील तीन वर्षांचा क्रम पुरा केला आणि १८७४ साली मॅट्रिकची परीक्षा उतरले. त्यांची इंग्रजी विद्या येथेच थांबली. विश्वविद्यालयाची पदवी त्यांना कधी मिळाली नाही. ह्यानंतरचे त्यांचे आयुष्य म्हणजे सरकारी शाळाखात्यातील बदल्यांची एक यादीच आहे. १८७४ पासून १८८० पर्यंत रेवदंड्याच्या मराठी शाळेत. १८८० पासून १८८२ पर्यंत ठाण्यास. तेथून बार्शीच्या इंग्रजी शाळेत १८८९ पर्यंत. पुढे १८९४ पर्यंत धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात. आणि शेवटची चार वर्षे, ज्या ट्रेनिंग कॉलेजात ते स्वतः शिकले त्याच पुण्याच्या संस्थेत. १८९८ च्या एप्रिलात, वयाची पंचेचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, ते निवर्तले. निर्मळ ज्यात मोडत असे त्या जुन्या ठाणे जिल्ह्याच्या मुख्य गावी त्यांनी दोन वर्षे मुलांस शिकविले, एवढा त्यांचा ह्या भूमीशी प्रत्यक्ष संबंध. हे निर्मळ आता २०१४ साली वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात येते.

दीक्षित आजच्या अर्थाने विज्ञानाचे शिक्षक नव्हते, हे आरंभीच सांगणे इष्ट आहे. त्या काळच्या मराठी शाळेत मास्तरास अंकगणितापासून भूगोलापर्यंत सर्वच शिकवावे लागे. प्रयोगशाळा म्हणून काही वस्तू नव्हती, आणि भिंग किंवा दुर्बीण खेड्यातील शाळेने स्वप्नातही पाहिली नव्हती. अशा स्थितीत शास्त्र शिकवावयाचे तर ते कोणत्या साधनाने? दीक्षितांच्या ग्रंथांत ह्याचे उत्तर सापडते. जे साधन सर्वांच्या डोक्यावर फुकट पसरलेले आहे, त्या आकाशानेच. १८९२ साली त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यास ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे दुसरे नाव जोडले. ज्या शास्त्राच्या नावाने सामान्य माणूस एक तर भितो किंवा पत्रिका पुढे करतो, त्यास ‘मौज’ म्हणणारा हा मास्तर विद्यार्थ्यास प्रथम अंगणात उभा करीत होता आणि मग पुस्तक हाती देत होता.

त्यांच्या इतर शालोपयोगी पुस्तकांची नावे पाहिली तरी एक क्रम ध्यानात येतो. १८७६ सालचे ‘विद्यार्थीबुद्धिवर्धिनी’, १८८२ सालचे ‘सृष्टचमत्कार’, आणि मरणापूर्वी एक वर्ष, १८९७ साली लिहिलेले ‘सोपपत्तिक अंकगणित’. ह्यांतील शेवटच्या नावातले विशेषण आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. उपपत्ती म्हणजे नियमाचे कारण. सोपपत्तिक म्हणजे त्या कारणासह. त्रैराशिक कसे मांडावे हे कोणताही मास्तर सांगतो आणि मुले ते घोकतात. परंतु ते तसेच का मांडावयाचे, हे ज्या मुलास कळले त्यास नियम विसरला तरी तो पुन्हा उभा करता येतो. ज्यास कळले नाही त्याचे ज्ञान स्मरणशक्तीबरोबर येते आणि तिच्याबरोबरच जाते. नियम आणि त्याची उपपत्ती ह्यांची फारकत होऊ न देणे, हेच दीक्षितांच्या शिक्षणविषयक मताचे सार आहे असे म्हणावयास हरकत नाही. आणि पंचांगाच्या बाबतीत नेमकी हीच फारकत झालेली त्यांच्या नजरेस आली.

ती कशी, हे समजण्यास थोडे मागे जावे लागेल. महाराष्ट्रातील पंचांगे तेव्हा मुख्यतः गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथावरून होत असत. हा ग्रंथ शके १४४२ चा, म्हणजे १५२० सालचा. आणि गणेश दैवज्ञ हे कोकणातील नांदगावचे. दीक्षितांनी ज्या रेवदंड्यास सहा वर्षे काढली, तेथून खाडी ओलांडून दक्षिणेस गेले की हे नांदगाव लागते. रेवदंड्याच्या उत्तरेस, अलिबागच्या वाटेवर, नागाव आहे. ते ज्यांच्यापाशी गणित शिकल्याचा पुढे लोकमान्य टिळकांस अभिमान वाटे त्या प्रो. केरो लक्ष्मण छत्रे ह्यांचे गाव. समुद्रकिनाऱ्याच्या इतक्या लहानशा पट्ट्यात ज्योतिषाची अशी परंपरा असावी, हा योग विलक्षण खरा. ‘ग्रहलाघवा’चा मोठा गुण असा की त्यात त्रिकोणमितीच्या ज्याचापांची खटपट न करता ग्रह काढता येतात. हीच त्याची सोय आणि हाच त्याचा धोका. सोय झाली म्हणून गणित घरोघर पोहोचले. पण कारण जाणण्याची गरज उरली नाही म्हणून वेध घेणारे हळूहळू नाहीसे झाले. गणेश दैवज्ञ स्वतः आकाशाकडे पाहून आकडे सुधारणारे होते. त्यांच्या मागून आलेल्यांनी त्यांचे आकडे जपले आणि त्यांची सवय टाकून दिली. साडेतीनशे वर्षांत ग्रहणाच्या वेळा व ग्रहांची स्थाने प्रत्यक्षाशी जुळेनाशी झाली. हे पाहून छत्रे ह्यांनी पाश्चात्त्य गणितावरून १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ रचली, आणि शके १७८७ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले.

दीक्षित ह्याहून एक पाऊल पुढे गेले, आणि त्यामुळे बहुतेक सर्वांशीच त्यांचा मतभेद झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. ऋतू सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनाने होतात. ह्या ऋतुचक्रास लागणारे वर्ष ते सायन. नक्षत्रांतील एका स्थिर बिंदूपासून निघून सूर्य पुन्हा तेथे येण्यास लागणारे वर्ष ते निरयन. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याच्या दांड्याप्रमाणे मंद गतीने डुलत असल्यामुळे ही दोन वर्षे सारखी नाहीत. निरयन वर्ष सुमारे २० मिनिटांनी मोठे आहे, आणि जुन्या सिद्धान्तांचे वर्ष तर सुमारे २४ मिनिटांनी मोठे आहे. चोवीस मिनिटे म्हणजे अवघी एक घटका! परंतु साठ वर्षांत तिचा एक दिवस होतो आणि अठराशे वर्षांत एक महिना. मकरसंक्रान्त ही उत्तरायणाची संक्रान्त मानतात. सूर्य मात्र २१-२२ डिसेंबरासच उत्तरेकडे वळतो आणि आपण तिळगूळ वाटतो तो जानेवारीच्या १४ किंवा १५ तारखेस. अधिक मासाची योजना निरयन संक्रान्तींवर अवलंबून असल्यामुळे चांद्रमासही त्याच ओघात सरकत आहेत. १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली तेव्हापासून आजवर निर्मळची यात्रा ऋतूच्या मानाने सरासरी चार-पाच दिवस पुढे गेलेली आहे. हाच क्रम चालत राहिला तर काही हजार वर्षांनी कार्तिकी एकादशी भर उन्हाळ्यात येईल.

येथे निर्मळच्या दुसऱ्या कालगणनेची आठवण होते. युरोपातील जुने वर्ष ऋतुवर्षाहून सुमारे अकरा मिनिटांनी मोठे होते. ती चूक साचून दहा दिवसांची झाली, तेव्हा १५८२ साली पोप तेराव्या ग्रेगरीने दहा दिवस गाळून टाकले व लीप वर्षांचा नियम सुधारला. पोर्तुगालने ही सुधारणा त्याच वर्षी पतकरली, आणि वसई प्रांत तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. इंग्लंडने ती १७५२ साली घेतली. म्हणजे ज्या इंग्रजी तारखेस आपण इंग्रजांची समजतो, ती वसईच्या ख्रिस्ती वाड्यांत प्रत्यक्ष इंग्रजांच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी चालू झाली. एका धर्मपीठाने आपले वर्ष आकाशाशी पडताळून पाहिले आणि सुधारले. आपणांसही तसे का करू नये? ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक ह्यांच्यासह दीक्षितांनी शके १८०६ पासून सायन पंचांग काढावयास आरंभ केला तो ह्याच विचाराने. त्यांचा आधार मात्र परकी नव्हता. मधू, माधव इत्यादी महिन्यांची वैदिक नावे ऋतूंवरून पडलेली आहेत, तेव्हा वर्ष ऋतूंशी जुळते ठेवणे हीच आपली मूळ रीत होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. समाजाने ते मान्य केले नाही. मत पटत नव्हते त्यांत केवळ अडाणी लोक होते असेही नाही. छत्र्यांसारख्या विद्वानांचा कल निरयनाकडेच होता.

वाद हरला तरी विद्या फुकट जात नाही, ह्याचे प्रत्यंतर दीक्षितांस बार्शीस असतानाच आले. गुप्त राजांच्या शिलालेखांत जो शक येतो त्याचा आरंभ केव्हा, ह्याविषयी त्या वेळी विद्वानांत मोठा झगडा होता. कोणी तो इसवी सनाच्या पहिल्या शतकात नेई, कोणी दुसऱ्या, तर कोणी चौथ्या. सारा प्राचीन इतिहास ह्या एका खुंटीला टांगलेला होता. मध्य प्रदेशातील एरण येथील स्तंभावर बुधगुप्ताच्या काळचा एक लेख आहे. त्यात वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार, असा उल्लेख येतो. ज्यास तिथीवरून वार काढण्याचे गणित येते त्यास ही मोठीच सामग्री होय. शकाचा आरंभ ३१९-२० साली धरला तर ही तिथी इ. स. ४८४ च्या २१ जून रोजी येते, आणि त्या दिवशी गुरुवारच होता. एकच वार जुळला तर तो योगायोगही असेल, कारण सातांतून एकदा कोणताही वार जुळणारच. म्हणून अशा अनेक लेखांचे गणित व्हावे लागते. डॉ. फ्लीट ह्यांच्यासाठी हे गणित दीक्षितांनी केले, आणि १८८८ साली प्रसिद्ध झालेल्या फ्लीट ह्यांच्या गुप्त शिलालेखांच्या ग्रंथात ते समाविष्ट झाले. ज्या राजवंशाच्या काळाविषयी मोठमोठे पंडित झगडत होते, तो काळ बार्शीच्या शाळेतील एका मास्तराने पाटीवरच्या हिशेबासारखा ताडून पाहिला.

दुसरे उदाहरण कृत्तिकांचे. शतपथब्राह्मणात अशा अर्थाचे विधान आहे की, इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत. शेकडो पंडितांनी हे वाक्य पठण केले असेल. दीक्षितांनी त्यास शिक्षकाचा प्रश्न विचारला : ह्याची उपपत्ती काय? जो तारा खगोलीय विषुववृत्तावर असतो तोच बरोबर पूर्वेस उगवतो. आज कृत्तिका तेथे नाहीत. कार्तिक वद्य एकादशीस चंद्र मध्यरात्रीनंतर बराच उशिरा उगवतो, म्हणून संध्याकाळचे आकाश काळोखे असते. त्या सुमारास वसईच्या भागातून पाहिल्यास कृत्तिका पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरून उगवतात, हे कोणाही मुलास दाखविता येईल. मग त्या ठीक पूर्वेस केव्हा उगवत होत्या? अयनगतीवरून उलट गणित केले असता उत्तर येते, ख्रिस्तापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे. १८९५ साली ‘इंडियन अँटिक्वरी’ मासिकात हे प्रसिद्ध झाल्यावर त्यावर वाद माजला. मूळ वाक्याचा अर्थ इतका काटेकोर घ्यावा काय, हा आक्षेप वजनदार आहे आणि तो अद्याप मिटलेला नाही. परंतु निष्कर्ष कोणास पटो वा न पटो, रीत पाहण्यासारखी आहे. ग्रंथातील वाक्यास केवळ वंदन न करता, किंवा त्यास थट्टेवारीही न नेता, ते आकाशापुढे नेऊन उभे करावयाचे आणि साक्ष घ्यावयाची.

हे सर्व पिकून १८९६ साली ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा त्यांचा महाग्रंथ प्रसिद्ध झाला. वैदिक व वेदांगकाल हा त्याचा पहिला भाग, आणि सिद्धान्तकाल हा दुसरा. पाचशेहून अधिक पृष्ठांचा हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल ह्यांच्यासह त्यांचा भारतीय पंचांगावरील इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा इंग्रजीतून जगापुढे येण्याचा मार्ग त्यांना मोकळा नव्हता असे नाही. तरीही आयुष्याचे मुख्य काम त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या भाषेत केले. परिणाम असा झाला की, ज्या परदेशी विद्वानास ह्या विषयाचे पुरते ज्ञान हवे त्यास मराठीकडे वळणे प्राप्त झाले. ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला भाग १९६९ साली व दुसरा १९८१ साली, भारत सरकारतर्फे निघाला. भाषांतरकार उज्जयिनीचे प्रो. रा. वि. वैद्य हे होत.

हे वैद्य आणखी एका कारणाने स्मरणीय आहेत. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ साली डॉ. मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणेसाठी समिती नेमली, तिचे ते एक सभासद होते. समितीने १९५५ साली अहवाल दिला, आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ शके ह्या दिवसापासून, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष सायन आहे. ज्या तत्त्वासाठी दीक्षित, लेले आणि मोडक ह्यांनी हट्टाने पंचांग काढले, ते तत्त्व दीक्षितांच्या मृत्यूनंतर एकोणसाठ वर्षांनी राजमान्य झाले. लोकमान्य मात्र ते आजही झालेले नाही. सरकारी राजपत्रावर ती तारीख छापतात. व्रते, सण आणि यात्रा निरयन पंचांगावरूनच चालतात. छत्र्यांचा वेधसिद्ध गणिताचा आग्रह तेवढा महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगकर्त्यांनी मानला आहे.

ह्या चरित्रापासून घ्यावयाचा बोध कोणता? आमचे काही मित्र म्हणतील की, दीक्षित हे अपवाद होत. अपवादावरून शिक्षणाचे धोरण ठरवीत नसतात. हे खरे आहे. शाळाखात्याने दीक्षित घडविले नाहीत. गावोगाव बदल्या करून त्यांच्या ग्रंथसंग्रहाची व वेळेची खात्याने ओढाताणच केली असेल. दारिद्र्य आणि साधनांचा अभाव ह्यांचे गोडवे गाणे हा बसल्या जागेवरून करावयाचा उद्योग असून आम्हांस तो मान्य नाही. मुलास प्रयोगशाळा हवी, मास्तरास पुरेसा पगार हवा आणि शाळेस ग्रंथालय हवे. परंतु ही तिन्ही मिळाल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतोच. आज महाविद्यालयांत शास्त्रशाखेचे विद्यार्थी अयनचलनाची व्याख्या निर्दोष इंग्रजीत लिहून दाखवितात. त्यांस कृत्तिका कोणत्या म्हणून विचारले तर ते एकमेकांकडे पाहतात. साधने वाढली आणि उपपत्ती मात्र उणावली, असा हा व्यवहार आहे. ‘ग्रहलाघवा’चे जे झाले तेच आमच्या क्रमिक पुस्तकांचे होत आहे. सोय इतकी झाली की, कारण विचारण्याची निकड राहिली नाही.

दीक्षितांच्या अध्यापनाची बाजू येथेच उपयोगी पडते, कारण तिला पैका लागत नाही. शिकविताना नियमासोबत कारण द्यावे. कारण ठाऊक नसेल तर ते शोधावे, आणि शोधत आहोत हे मुलांस दिसू द्यावे. जुन्या ग्रंथाचा मान ठेवावा, पण त्याची परीक्षा आकाशाने घ्यावी. नव्या ग्रंथासही हाच नियम लावावा. जे समजले ते ज्या भाषेत मुले भांडतात आणि हसतात त्या भाषेत सांगता आले पाहिजे; न आल्यास ते आपणांस समजलेच नाही असे समजावे. आयुष्याची अखेरची नऊ वर्षे दीक्षित धुळ्यास व पुण्यास पुढे मास्तर होणाऱ्या तरुणांस शिकवीत होते. त्यांच्या हाताखालून गेलेले ते तरुण नंतर खेडोपाडी पांगले. त्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत. परंतु त्यांच्यापैकी एखाद्याने जरी एखाद्या शाळेत त्रैराशिक शिकविताना मध्येच थांबून मुलांस ‘हे असे का?’ म्हणून विचारले असेल, तरी सायन पंचांगाच्या अपयशाची बरीचशी भरपाई झाली असे आम्ही समजतो.